दूरचे हात

आमच्या घरात ‘बॅटरी’ या शब्दाचा अर्थ एकच होता, तो म्हणजे विजेरी. शेतीला वीज यायची ती रात्री, आणि तीही केव्हा येईल याचा नेम नसायचा. त्यामुळे वडिलांच्या उशाशी पत्र्याची तीन सेलांची बॅटरी कायम ठेवलेली असे. मध्यरात्री केव्हातरी वीज आल्याची हाळी कोणी दिली की ते उठत, पायांत वहाणा अडकवीत आणि विहिरीच्या वाटेला लागत. सेल मंदावले म्हणजे आई ते ओट्यावर उन्हात मांडून ठेवी. उन्हाची ऊब लागली की त्यांत पुन्हा दोन-चार दिवसांपुरता जीव येई. तोही गेला की ते सेल आम्हां पोरांच्या ताब्यात येत. दगडाने ठेचून आतली काळी कांडी काढावयाची आणि तिने शेजाऱ्याच्या भिंतीवर रेघोट्या ओढावयाच्या, हा आमचा उद्योग. कांडीभोवतीची काळी भुकटी हाताला लागे आणि राखेने घासली तरी लवकर निघत नसे.

ती भुकटी म्हणजे काय हे कळावयास मला वयाची चाळिशी उलटावी लागली. ती मँगनीजची. भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्ग येथे खाण आहे. तेथले मँगनीज डायऑक्साइड कोरडे सेल बनविणाऱ्या कारखान्यांना जाते. म्हणजे आमच्या हाताला लागलेला तो काळा रंग आमच्याआधी दुसऱ्या कोणाच्या तरी हाताला लागून आला होता. भंडाऱ्याचा म्हणा, आणखी कुठला म्हणा. तो हात कोणाचा, हे आम्ही कधी विचारले नाही. दुकानदाराला पैसे दिले, सेल घेतले, व्यवहार संपला.

व्यवहार खरोखर कोठे संपतो, हा प्रश्न गेल्या वर्षी माझ्या वर्गात निघाला, आणि तेव्हापासून तो माझी पाठ सोडावयास तयार नाही.

त्याचे असे झाले. दसऱ्याला आमच्या घरी विजेवर चालणारी स्कूटर आली. जळगाव-धुळे रस्त्यावरच्या आमच्या गावात ती पहिली नव्हती. पण मास्तरांची म्हणून मुलांना तिचे अप्रूप. नववीतल्या एका मुलाने विचारले, “सर, पेट्रोल नाही, मग आत काय भरलंय?” मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, शास्त्राचा माझा अभ्यास बेताचाच. परंतु मुलाला ‘माहीत नाही’ म्हणून बसविण्यापेक्षा चार दिवस वाचावे, असे ठरविले. वाचले, आणि भूगोलाच्या तासाला फळ्यावर जगाचा नकाशा टांगून मी आमच्या स्कूटरची बॅटरी उकलावयास बसलो.

लिथियम हा धातू ऑस्ट्रेलियात खडकातून निघतो, तर चिलीच्या अटाकामा वाळवंटात जमिनीखालचे खारे पाणी मोठमोठ्या हौदांत उन्हावर आटवून मिळवतात. आपल्याकडे मिठागरात मीठ पिकवतात, तसेच काहीसे. निकेलचे मोठे भांडार इंडोनेशियात. त्या देशाने २०२० पासून कच्चे निकेल बाहेर पाठविणेच बंद केले, म्हणजे ज्याला हवे त्याने आमच्याकडे येऊन कारखाना काढावा. ग्रॅफाइट चीनचे. बॅटरीत घालण्याजोगे ग्रॅफाइट नव्वद टक्क्यांहून अधिक एकट्या चीनमध्ये तयार होते, आणि डिसेंबर २०२३ पासून ते बाहेर न्यावयाचे तर तेथल्या सरकारचा परवाना लागतो. जगात खणून निघणाऱ्या कोबाल्टचा दोन-तृतीयांशाहून अधिक वाटा काँगो देशातला. परंतु तो शुद्ध होतो बहुतांशी चीनमध्येच. आमच्या सरकारनेही या धातूंसाठी जानेवारी २०२५ मध्ये एक राष्ट्रीय मोहीम मंजूर केली. त्याच्या एक वर्ष आधी अर्जेंटिनाच्या काटामार्का प्रांतात लिथियमच्या पाच जागांचा करार झाला होता. एका स्कूटरच्या बुडाशी इतके देश एकमेकांचे कान धरून बसले आहेत, हे ऐकून मुले खूश झाली. शिकवणारा रंगात आला की मुलांना कळते.

रंगात आल्यामुळेच मी पुढचे बोलून गेलो. काँगोच्या कोलवेझी गावाभोवती हजारो माणसे फावडे-पहारीने, हाताने कोबाल्टची माती उकरतात. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेने २०१६ साली त्यावर अहवाल काढला. त्यात दिलेला युनिसेफचा अंदाज असा की, २०१४ साली दक्षिण काँगोतल्या खाणींवर सुमारे ४०,००० मुले राबत होती. त्यांतली पुष्कळशी कोबाल्टच्या. तुमच्या वयाची, आणि तुमच्याहून लहानही, असे मी म्हणालो.

वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “मग सर, तुम्ही ती स्कूटर परत करणार का?”

मुले हसली, मीही हसलो. तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली, आणि मास्तरांची नेहमी जशी सुटका होते तशी माझी झाली.

वर्गातून सुटका झाली, मनातून होईना. या प्रश्नाला एक तयार उत्तर आहे, आणि ते बाजारात सगळीकडे मिळते. मी कोणाला राबविले नाही, मी कोणाचे वाईट चिंतिले नाही. मी दुकानातून वस्तू घेतली. माझ्या आणि त्या मुलाच्या मध्ये वीस व्यापारी, चार कारखाने आणि तीन समुद्र आहेत. मी न घेतली तर दुसरा घेईल. हे उत्तर खोटे नाही. पण खरे असूनही ते समाधान का देत नाही? मला वाटते, त्याचे कारण आम्ही खानदेशी आहोत हे असावे. आज आम्ही साखळीच्या या टोकाला बसलो आहोत. परंतु एकदा आम्ही तिच्या त्या टोकाला होतो.

दीडशे वर्षांपूर्वी जगाची बॅटरी म्हणजे कापूस होता. इंग्लंडात लँकेशायर परगण्यातल्या गिरण्या त्यावर चालत, आणि त्यांचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिण भागातून येई. तो पिकविणारे हात गुलामांचे होते. एकाच देशावर इतके अवलंबून राहणे बरे नव्हे, हे मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना कळत नव्हते असे नाही. त्यांनी १८५७ सालीच दुसरीकडून कापूस मिळविण्यासाठी एक मंडळ काढले होते. आजची सरकारे लिथियमसाठी जे करतात तेच ते. मग १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरे कोंडली गेली, आणि मँचेस्टरची नजर हिंदुस्थानच्या काळ्या मातीवर पडली.

खानदेशावर लक्ष्मी उतरली. कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. अ‍ॅशबर्नर नावाच्या कलेक्टराने हिंगणघाटचे बियाणे आमच्याकडे पसरविले; गावठी वाण इंग्रजांच्या यंत्राला आखूड पडे. जळगाव तोवर लहानच गाव होते, ते या चार वर्षांत कापसाची मोठी पेठ झाले. शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्या, अशा गोष्टी त्या दिवसांबद्दल सांगतात. मला त्या सर्वस्वी खऱ्या वाटत नाहीत, सर्वस्वी खोट्याही वाटत नाहीत. पैसा अचानक आला की माणूस तो मिरवतो, मग चाकाला लावो की मनगटाला. लबाडीही आलीच. वजन वाढावे म्हणून कापूस भिजविणे, त्यात माती-सरकी मिसळणे इतके वाढले की मुंबई सरकारला १८६३ साली त्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. तिकडे लँकेशायरचे विणकर आमच्या कापसाला शिव्या घालीत. हिंदुस्थानी कापसाला तिकडे सरसकट ‘सुरत’ म्हणत. देवळात पाद्री ‘देवा, कापूस धाड’ म्हणून प्रार्थना करू लागला, तेव्हा मागून कोणी विणकर ‘पण सुरतचा नको’ म्हणाला, अशी आख्यायिका आहे. सुरत कोठे, खानदेश कोठे, आणि त्या कापसाला हात लावणारी बाई कोण, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत?

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले, आणि भाव कोसळले. मुंबईत शेअरांचा जो पत्त्यांचा बंगला उभा होता तो त्याच वर्षी पडला, प्रेमचंद रायचंदासारखे धनाढ्य बुडाले. ती हकीकत पुष्कळांनी लिहिली आहे. खानदेशचे तेवढे कोणी लिहिले नाही. १८८० साली निघालेल्या सरकारी गॅझेटियरमध्ये जळगावविषयी एवढेच की, अमेरिकन युद्धाच्या वेळी ही मोठी कापूसपेठ होती आणि १८६५ मध्ये भाव एकाएकी उतरल्याने तिचे फार नुकसान झाले. एका वाक्यात सारा हिशेब! दैवाचा विनोद असा की कसाऱ्याच्या थळ घाटातून आगगाडी सुरू झाली तीही १८६५ मध्येच. कापूस मुंबईला झपाट्याने नेण्याची सोय झाली आणि त्याच वर्षी गिऱ्हाईक निघून गेले. मागे उरले चढ्या भावाच्या भरवशावर काढलेले कर्ज आणि वाढलेला सारा. पुढे दहा वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुण्याजवळ सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतली कर्जरोख्यांची दप्तरे जाळली. तो दंगा पुण्या-नगरचा, खानदेशचा नव्हे. परंतु त्याच्या कारणांची जुळवाजुळव करताना कापसाच्या त्या चढ-उताराला टाळून कोणाला पुढे जाता आले नाही.

हे सारे आठवले की त्या मुलीच्या प्रश्नाला एक निराळाच रंग येतो. आमच्या पणजोबा-खापरपणजोबांना लँकेशायरकडून काय हवे होते? त्यांनी आमचा कापूस घेऊ नये, असे खचित नव्हे. आमचा घात झाला तो त्यांनी कापूस घेतला म्हणून नव्हे, एका रात्रीत घेणे सोडले म्हणून. आम्हांला जवळ केले ते गरज म्हणून, आणि गरज सरल्यावर मागे वळून पाहण्याचे कोणाला कारण उरले नाही. मी उद्या मोठ्या पुण्याईच्या भावनेने स्कूटर परत केली, आणि माझ्यासारख्या लाखोंनी केली, तर कोलवेझीत १८६५ साल उजाडेल.

हे कल्पनेचे नाही. कोबाल्टचा भाव २०२२ मध्ये जेथे होता तेथून घसरत घसरत २०२५ च्या आरंभी चौथाईवर आला. शेवटी फेब्रुवारी २०२५ मध्ये काँगोच्या सरकारने निर्यातच थांबविली, आणि त्या ऑक्टोबरपासून मोजून-मापून माल सोडण्याची पद्धत सुरू केली. दरम्यान लोह आणि फॉस्फेट यांच्यावर चालणाऱ्या, कोबाल्ट मुळीच न लागणाऱ्या बॅटऱ्या बाजारात पुष्कळ झाल्या आहेत. माझ्या स्कूटरचीही त्याच जातीची निघाली. हे मी वर्गात शिकविल्यानंतर दोन आठवड्यांनी दुकानदाराकडून मला समजले. क्षणभर हायसे वाटले, मी सुटलो! मग लक्षात आले की ज्याच्या श्रमावाचून आता माझे अडत नाही, त्याच्या दुःखातून मी सुटलो, असे म्हणणे म्हणजे मँचेस्टरच्या व्यापाऱ्याने १८६५ साली टाकलेला सुस्कारा. शिवाय खिशातल्या मोबाईलमध्ये कोबाल्ट आहेच.

परंतु ‘घेत राहा म्हणजे त्यांची चूल पेटते’ असे म्हणून मोकळे व्हावे, तर तेही जमत नाही. कारण त्याच लँकेशायरमध्ये, त्याच वर्षांत, आणखी एक गोष्ट घडली. कापूस बंद झाल्याने गिरण्या थंडावल्या. १८६२ च्या अखेरीस सुमारे पाच लाख माणसे तेथे मदतीच्या अन्नावर जगत होती. दक्षिणेची बंदरे उघडावी म्हणून इंग्लंडने युद्धात पडावे, असे म्हणणारे पुष्कळ होते. कामगारांतही होते, हे लपविण्यात अर्थ नाही. आणि तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या कामकऱ्यांची सभा भरली आणि तिने अब्राहम लिंकनला पत्र धाडले, की गुलामगिरी नष्ट करण्याच्या तुमच्या कार्याला आमचा पाठिंबा आहे. लिंकनने १९ जानेवारी १८६३ रोजी त्याला उत्तर दिले. पोटाला चिमटा बसत असताना, ज्याला जन्मात कधी पाहणार नाही अशा काळ्या माणसाच्या बेड्यांचा विचार करणारी माणसे होती. त्यांच्या आणि त्या गुलामाच्या मध्येही व्यापारी होते, कारखाने होते, समुद्र होता.

त्यांनी काय केले? त्यांनी कापड विणणे पाप मानले नाही. आपल्या मागावरचा धागा कोणत्या हातांतून आला आहे हे त्यांनी स्वतःपासून लपविले नाही, आणि त्या जाणिवेची किंमत पडली ती द्यावयास नकार दिला नाही. इतकेच. पण हे ‘इतकेच’ किती अवघड आहे ते मला माझ्याच शेतात कळले आहे, आणि ते येथे सांगितल्यावाचून हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

आमच्याकडे दिवाळीनंतर शाळेची हजेरी विरळ होते. कापसाची वेचणी असते. वडिलांच्या मागे आमची साडेतीन एकर जमीन आहे. ती मी भाडोत्री मजुरांकडून करून घेतो. तीन वर्षांपूर्वी वेचणीच्या दिवसांत अर्धा दिवस रजा काढून मी कापूस मोजून घेण्यास शेतावर गेलो. बायका ओट्या सोडून कापूस ओतीत होत्या, मी काट्याशी वही घेऊन बसलो होतो. रांगेत सातवीतला एक मुलगा उभा होता. आठ दिवस तो शाळेत नव्हता. मला पाहून त्याने मान खाली घातली. मी विचारले, “तू इथं कसा रे?” तो म्हणाला, “सर, माय आजारी शे.” मागून बायका ओरडल्या, “मास्तर, मोजा हो लवकर, दिवस बुडाला!” मी मोजले. चौदा किलो भरले. वहीत मी त्याच्या आईचे नाव लिहिले आणि पुढे चौदा लिहिले. त्याच दिवशी सकाळी शाळेत हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करणाराही मीच होतो.

मी त्याला घरी पाठविले नाही. पाठविले असते तर त्या घरात त्या संध्याकाळी पैसे गेले नसते, असे मी स्वतःला सांगितले. ते खरे होते. पाठविले असते तर माझा कापूस झाडावर आणखी दोन दिवस राहिला असता आणि आभाळ आले होते, हेही खरे होते, ते मी स्वतःला सांगितले नाही. पुढे मी त्याच्या घरी गेलो, आईला तालुक्याच्या दवाखान्यात नेण्याची व्यवस्था केली. मुलगा पंधरवड्याने वर्गात आला. गणितात मागे पडला तो वर्षभर मागेच राहिला. मी त्याला काही दिवस घरी बोलावून शिकविले, परंतु त्याच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी जो एक सावधपणा आला होता तो काही गेला नाही.

कोलवेझीच्या मुलांविषयी मी वर्गात इतक्या रसाने बोललो, तेव्हा हा मुलगा समोरच बसला होता. आता तो नववीत आहे. मी ज्याला तीन समुद्रांपलीकडचा हात म्हणत होतो तो माझ्या काट्यापासून दोन हातांवर होता. अंतर मैलांत मोजण्याची आपली सवय सोयीची आहे. मुलगा काट्यासमोर असला तरी वहीत नाव आईचे लिहिले की तो लांब जातो. बॅटरीच्या डब्यावर कारखान्याचे नाव छापले की खाण लांब जाते.

आमच्या जिल्ह्यात अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर आहे. प्रतापशेठांनी ते १९१६ साली स्थापिले. त्यांची कापडाची गिरणीही त्याच गावात होती. वेदान्ताचे अभ्यासक तेथे कर्म आणि कर्मफळ यांची चर्चा करीत आणि गावात गिरणीचा भोंगा वाजे. तेथून जाताना मला नेहमी वाटते, कर्म कर्त्याला चिकटते म्हणतात. पण एका कर्माला हजार कर्ते असले तर? प्रत्येकाला हजारावा भाग चिकटतो, की प्रत्येकाला सगळेच? शास्त्र्यांनी याचे काही उत्तर दिले असेल. माझी ओबडधोबड समजूत अशी की कर्म वाटले गेल्याने दोष पातळ होतो, पण जाणण्याचे कर्तव्य पातळ होत नाही; ते प्रत्येकाकडे सबंध राहते. जाणल्यावर प्रत्येकाला आपापल्या आवाक्यातले काही ना काही सुचतेच. सरकारला खाणींवरच्या मुलांविषयी विचारता येते, कंपनीला माल कोठून आणला ते सांगावे लागते, मास्तरला आभाळ आले असताना काटा बाजूला ठेवता येतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूच्या रियासी भागात ५९ लाख टन लिथियम असल्याचा अंदाज जाहीर झाला तेव्हा आम्ही टाळ्या पिटल्या. पुढे पुरेसे बोलीदार न आल्याने त्याचा लिलाव रद्द झाला. परंतु आज ना उद्या तो डोंगर खणला जाईल; तेव्हा तेथल्या पायथ्याच्या गावांना कोणी ओळखील की त्यांनाही सरसकट ‘सुरत’ म्हणतील?

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी सांगितले की स्कूटर परत करणार नाही, पण ती मोडेपर्यंत वापरीन, दर तीन वर्षांनी नवी घेणार नाही, मोबाईलचेही तेच. ती म्हणाली, “आणि मग मोडल्यावर?”

मोडल्यावरचे प्रकरण सध्या आमच्या ओट्यावरच पडले आहे. घरात दिवे गेल्यावर चालणाऱ्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी, शिशाची. २०२२ च्या नियमांप्रमाणे बनविणाऱ्यांनी अशा बॅटऱ्या परत घेऊन नीट मोडून काढावयाच्या आहेत. दुकानदार ती घेतो, पण नवीच्या किमतीत थोडेच कमी करतो. भंगारवाला तिचे जास्त देतो. तो जास्त कसे देऊ शकतो हे मला ठाऊक आहे : कुठेतरी उघड्यावर ती फोडतात, आम्ल मातीत ओततात आणि शिसे चुलीवर वितळवितात; त्याचा धूर आसपासच्या लेकरांच्या रक्तात उतरतो. युनिसेफच्या २०२० सालच्या एका अहवालाप्रमाणे जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसे धोक्याच्या पातळीवर आहे, आणि त्याचे एक मोठे कारण या फोडलेल्या बॅटऱ्या.

भंगारवाला दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा त्याने भाव आणखी शंभराने वाढविला. “अहो, धनत्रयोदशीच्या आत ओटा मोकळा करा,” असे घरातून रोज बजावणे चालू आहे. स्कूटरच्या पायठेवणीवर ती बॅटरी बसते की नाही ते मी काल मापून पाहिले. बसते. दुकान बारा किलोमीटरवर आहे.